फासे जात विचारत नाहीत

पांढुर्णा आणि सौंसरच्या माणसाला 'तसं झालं असतं तर' या बोलण्याची सवय जुनी आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. तोवर छिंदवाडा जिल्ह्यातली ही दोन्ही गावं नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होती. त्या दिवशी नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि पांढुर्णा-सौंसर नव्या मध्य प्रदेशात राहिले. घरात मराठी, शाळेत हिंदी. सोयरीक काटोल-वरूड-नागपूरकडे आणि कचेरीचं काम छिंदवाड्याला. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं, तेव्हा निदान कचेरी जवळ आली. पण सीमेची रेघ थोडी वर सरकली असती तर काय झालं असतं, हा विषय चहाच्या टपरीवर अजून निघतोच.

नकाशाबद्दल असं बोलण्यात कुणाचं फारसं बिघडत नाही. एखाद्या माणसाच्या आयुष्याबद्दल तेच बोलायचं ठरवलं, तर मात्र प्रश्न अवघड होतो. ज्याला जन्मावरून अडवलं, ज्याची उमेदीची वर्षं दुसऱ्यांनी खाल्ली आणि जो आता जगात नाही, त्याचं न घडलेलं आयुष्य कल्पनेत घडवून दाखवल्याने त्याला काही परत मिळतं का? की जिवंत माणसंच आपल्या मनाचं समाधान करून घेतात? हा प्रश्न न्यायाचा आहे आणि तितकाच धर्माचाही. कर्म, पूर्वजन्म, फळ हे सगळे शब्द याच प्रश्नाभोवती उभे राहिले आहेत.

अमेरिकेत या प्रश्नाला खेळाचं रूप आलं. शाळेत बाकाखाली ज्यांनी बुक क्रिकेट खेळलं आहे, पुस्तकाचं पान उघडून शेवटच्या आकड्याइतक्या धावा मोजल्या आहेत, त्यांना तो खेळ समजायला वेळ लागणार नाही. १९६१ साली हॅल रिचमन या तरुणाने 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' नावाचा बेसबॉलचा खेळ बाजारात आणला. त्यात प्रत्येक खऱ्या खेळाडूचं एक कार्ड असतं आणि त्याच्या खऱ्या कामगिरीवरून काढलेली गणितं कार्डावरच्या तीन रकान्यांत छापलेली असतात. तीन फासे टाकायचे. त्यांतल्या वेगळ्या रंगाच्या फाशावर १ ते ३ आलं तर फलंदाजाचं कार्ड बघायचं, ४ ते ६ आलं तर चेंडू टाकणाऱ्याचं, म्हणजे पिचरचं. उरलेल्या दोन फाशांची बेरीज रकान्यातली ओळ दाखवते: फटका, बाद, नाहीतर चार चेंडू सोडून मोफत चाल. पुढे संगणक आला, आणि अख्ख्या लीगच्या लीग, पन्नास-पन्नास मोसम, एका रात्रीत खेळवता येऊ लागल्या.

या खेळात कृष्णवर्णीयांच्या जुन्या संघांमधली माणसं शिरली, तेव्हा त्याला वेगळाच अर्थ आला. अमेरिकेच्या मोठ्या लीगमध्ये १९४७ पर्यंत काळ्या खेळाडूला मज्जाव होता. असा नियम छापलेला नव्हता, पण सगळे मालक तो पाळत होते. म्हणून काळ्या खेळाडूंनी आपल्या लीग उभारल्या. त्या काळात त्यांना निग्रो लीग म्हणत आणि इतिहासात तेच नाव राहिलं. २००९ साली स्ट्रॅट-ओ-मॅटिकने त्या खेळाडूंची कार्डं काढली. ज्यांना मोठ्या लीगच्या सामन्यांत उभंच राहू दिलं नाही, ते आता कुणाच्याही दिवाणखान्यातल्या टेबलावर बेब रूथला चेंडू टाकू लागले.

सॅचेल पेजसारख्या दिग्गजाचं कार्ड कुणालाही हवंसं वाटणारच. त्याला मोठ्या लीगचं दार उघडलं ते १९४८ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. पण काही हौशी लोक मुद्दाम मधल्या फळीतला पिचर निवडतात. या गावच्या संघातून त्या गावच्या संघात पोटासाठी फिरलेला, चांगला पण अजरामर नव्हे असा. विल्यम डिझ्मुक्स, ज्याला 'डिझी' म्हणत, तो असा एक. हात जमिनीलगत नेऊन खालून चेंडू फेकायची त्याची पद्धत होती. इंडियानापोलिसच्या एबीसी संघासह अनेक संघांकडून तो खेळला, 'पिट्सबर्ग कुरिअर'मध्ये बेसबॉलवर लिहीत राहिला, उतारवयात कॅन्सस सिटी मोनार्क्सच्या व्यवस्थापनात राबला. अशा माणसाला काल्पनिक लीगमध्ये घ्यायचं आणि वीस मोसम खेळवून तो कुठवर जातो ते पाहायचं, यात त्या माणसाबद्दलची माया आहे. ती माया खरी मानूनच पुढचा प्रश्न विचारला पाहिजे.

मराठी माणसासाठी या प्रश्नाला एक नाव आहे: बाळू पालवणकर.

त्यांचा जन्म १८७६चा, धारवाडचा. घराणं कोकणातल्या पालवणचं, जात चांभार. पुण्यात एका पारशी क्रिकेट क्लबात त्यांना पहिलं काम मिळालं ते खेळपट्टी झाडण्याचं आणि रोलर फिरवण्याचं. पगार महिना तीन रुपये. १८९२च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले, पगार चार रुपये झाला. कामं तीच: जाळी लावणं, पट्टी लोटणं, रेघा आखणं. आणि सरावाला येणाऱ्या साहेबांना चेंडू टाकणं. साहेबांना बॅटिंग प्रिय, चेंडू टाकायला कुणी हवंच होतं. कॅप्टन ग्रेग नावाचा फलंदाज रोज लवकर येऊन तासन्‌तास बाळूंची गोलंदाजी खेळे आणि आपल्याला बाद केल्याबद्दल दर वेळी आठ आणे देई, अशी कथा सांगतात. बाळूंच्या हाती बॅट मात्र तिथे कुणी फारशी दिली नाही. डावखुरी फिरकी, टप्प्यावर हुकमत, हातातल्या वेगाचे बदल, हे सगळं त्या जाळीत तयार झालं. एकाही चेंडूची नोंद नाही.

पुण्याच्या हिंदू संघाला गोऱ्यांना हरवायचं होतं आणि ते हरवू शकेल असा माणूस गोऱ्यांच्याच मैदानावर रोलर ओढत होता. त्याला घ्यावं की नाही यावर वाद झाले. शेवटी घेतलं. मग रिवाज ठरला तो असा: मैदानावर बाळू ज्या चेंडूला हात लावत, त्याच चेंडूला ब्राह्मण खेळाडू हात लावत. चहाची वेळ झाली की बाकीचे पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपातून चहा पीत आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यातून दिला जाई. ते भांडं एकदा वापरून टाकून द्यायचं. जेवण वेगळ्या पानावर, वेगळ्या जागी.

हे दृश्य जरा थांबून पाहण्यासारखं आहे. अंतर जेमतेम पन्नास-साठ पावलांचं असेल. दोरीच्या आत विकेट हवी आहे, म्हणून स्पर्श चालतो. दोरीच्या बाहेर पाऊल पडलं की तोच हात विटाळ ठरतो. या सीमारेषेला कोणत्याही शास्त्रात आधार नव्हता. संघाला जिंकायचं होतं तेवढ्यापुरती ती आखली होती.

पुढे ते मुंबईला आले, रेल्वेच्या संघाकडून आणि हिंदू जिमखान्याकडून खेळले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी मुंबईत युरोपियन संघाला १०९ धावांनी हरवलं. हिंदूंचे डाव २४२ आणि १६०, युरोपियनांचे १९१ आणि १०२. बाळूंनी सामन्यात आठ बळी घेतले. धाकटा भाऊ शिवरामही त्याच संघात होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. संघ पुष्कळ सामने हरला, पण पस्तिशीतल्या, खांदा दुखत असलेल्या बाळूंनी सगळ्या सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले. इंग्लंडच्या विल्फ्रेड ऱ्होड्सशी त्यांची तुलना झाली. प्रथम श्रेणीचे म्हणून आज जे सामने मोजतात, ते त्यांच्या वाट्याला केवळ ३३ आले. त्यांत बळी १७९, सरासरी १५.२१. यातला पहिला सामना १९०५-०६च्या मोसमातला, म्हणजे तिशीच्या उंबरठ्यावरचा.

हिंदू संघाचं कप्तानपद मात्र त्यांना मिळालं नाही. एम. डी. पै कप्तान झाले, तेव्हा एका सत्कारात स्वतः पैंनीच सांगितलं की हा मान बाळूंचा होता. १९२० मध्ये बाळूंना वगळलं आणि धाकटे भाऊ विठ्ठल यांचा कप्तानपदाचा हक्क डावलला, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम दोघेही संघाबाहेर पडले. वर्तमानपत्रांतून रान उठलं. बाळूंना परत बोलावून उपकप्तान केलं, आणि पै मैदानाबाहेर गेल्यावर काही वेळ संघ त्यांच्या हाती आला. एवढंच. १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदूंचे कप्तान झाले आणि संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली. विठ्ठलरावांनी १९४८ साली 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिलं, म्हणून यातलं बरंच आपल्यापर्यंत पोचलं.

आता बाळूंना काल्पनिक लीगमध्ये घालून पाहा.

हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना २५ जून १९३२ला लॉर्ड्सवर सुरू झाला. नागपूरच्या सी. के. नायडूंनी त्यात नेतृत्व केलं, तेही संस्थानिक कप्तान आणि उपकप्तान बाजूला झाले म्हणून. बाळू तेव्हा छपन्न वर्षांचे होते. समजा, हाच सामना १९०० साली झाला असता. चोविशीतले बाळू, ताजा खांदा, इंग्लंडची ओली खेळपट्टी. १५.२१च्या सरासरीवरून, खेळपट्ट्यांचा दर्जा आणि प्रतिस्पर्धी यांची वजाबाकी करून एक कार्ड बनवता येईल. फासे टाकता येतील. कुठल्याशा मोसमात ते ऱ्होड्सच्या पुढेही जातील.

आणि इथेच एक गोष्ट लक्षात येते. निग्रो लीगच्या पिचरवर झालेला अन्याय आणि बाळूंवर झालेला अन्याय एका जातीचे नाहीत. डिझ्मुक्सला मोठ्या लीगमध्ये उभंच राहू दिलं नाही, म्हणून कार्डावर त्याला उभं केलं की निदान त्या अन्यायाला उत्तर दिल्यासारखं होतं. बाळूंना मैदानावर सगळे बोलावतच होते. त्यांचे बळी सगळ्यांना हवे होते; साहेबांना सरावापुरते, हिंदूंना विजयासाठी. नाकारला गेला तो बरोबरीचा कप, बरोबरीची पंगत आणि कप्तानाचा मान. कार्डावर या तिन्हींसाठी रकाना नाही. त्या खेळात कप्तान म्हणजे फासे हातात धरणारा माणूस, तो कार्डावर नसतोच. म्हणजे काल्पनिक लीग बाळूंना तेच पुन्हा देते जे त्यांच्याकडे आधीच होतं, आणि जे हिरावलं गेलं त्याला स्पर्शही करत नाही. फासे जात विचारत नाहीत, हे खरं आहे. चेंडूही विचारत नव्हता. जात विचारली जात होती ती पॅव्हेलियनमध्ये.

दुसरी अडचण याहून खोल आहे. जात वगळून बाळू घडवायचे, तर कोणते बाळू उरतात? जातीचा जाच नसता तर कदाचित ते रोलर ओढायला गेलेच नसते. रोलर नसता तर पूना क्लबची जाळी नाही, ग्रेग नाही, तासन्‌तास टाकलेले हजारो चेंडू नाहीत. मग ती फिरकी आली कुठून? यावरून कुणी असं म्हणेल की अन्यायानेच त्यांना घडवलं, तेव्हा अन्यायाचे आभार माना. हा युक्तिवाद फसवा आहे. त्यांना मेहनतीने घडवलं आणि मेहनत त्यांची स्वतःची होती. अन्यायाने एवढंच ठरवलं की त्या मेहनतीचा मोबदला चार रुपये असेल आणि तिची नोंद कुणी ठेवणार नाही. तरीही एवढं मान्य केलं पाहिजे की एखाद्याच्या आयुष्यातली एक काडी काढून बाकीचं आयुष्य जसंच्या तसं उभं ठेवता येत नाही.

काल्पनिक माणूस सोयीचाही होतो. खऱ्या बाळूंनी लॉर्ड्सच्या त्या सामन्यानंतर तीन महिन्यांनी, २४ सप्टेंबर १९३२च्या पुणे करारावर सही केली. स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावर ते डॉ. आंबेडकरांच्या विरुद्ध बाजूला होते. १९३७ मध्ये मुंबईत ते काँग्रेसतर्फे आंबेडकरांविरुद्धच उभे राहिले आणि हरले: १३,२४५ मतं विरुद्ध ११,२२५. आज बाळूंवर माया करणाऱ्या अनेकांना हा भाग अडचणीचा वाटतो. पण त्यांना मत होतं, ते चुकीचं असण्याचाही त्यांना हक्क होता. कार्डातला बाळू कुणाशी वाद घालत नाही, निवडणूक लढत नाही. पीडित माणसाला फक्त गुणी आणि गप्प ठेवणं, हीदेखील त्याच्यावर केलेली एक बारीक सक्तीच आहे.

फासे जिथे कमी पडतात तिथे आपल्या परंपरेने कथा रचल्या. महार जातीतल्या संत चोखोबांची कथा विदर्भापासून पंढरपूरपर्यंत कीर्तनात सांगितली जाते. विठ्ठल स्वतः चोखोबांच्या घरी जेवायला येतो, वाढताना दही सांडतं आणि पितांबरावर पडतं. चोखोबा पत्नीला काही बोलतात ते ऐकून पुजारी समजतो की हा देवाला बोल लावतो आहे, आणि चोखोबांच्या गालात मारतो. नंतर देवळात जाऊन पाहतो तर देवाचाच गाल सुजलेला. अठराव्या शतकात महिपतींनी संतांच्या अशा कथा 'भक्तविजया'त गुंफल्या. या कथेची नजर फाशांपेक्षा तीक्ष्ण आहे. हिरावलं काय गेलं, हे तिला नेमकं कळलं आहे. ती चोखोबांना राज्य देत नाही, धन देत नाही. ती त्यांना पंगत देते. मार बसला तो कुणाला बसला, तेही सांगते.

पण कथा सांगणाऱ्यांनी आणि ऐकणाऱ्यांनी देवळाचं दार उघडलं नाही. १३३८ साली मंगळवेढ्याला वेस बांधताना भिंत कोसळली आणि चोखोबा तिच्याखाली गेले. त्यांची समाधी पंढरपुरात महाद्वाराबाहेर झाली, आणि त्यांच्या समाजाला तिथूनच हात जोडून परत फिरावं लागत राहिलं. दार उघडायला मे १९४७ उजाडावा लागला, साने गुरुजींना प्राण पणाला लावून दहा दिवस उपोषण करावं लागलं. तिकडे ब्रुकलिनमध्ये जॅकी रॉबिन्सन १५ एप्रिल १९४७ला मोठ्या लीगच्या मैदानात उतरला होता. एका महिन्याच्या आत जगाच्या दोन टोकांना दोन दारं उघडली. दोन्ही ठिकाणी कल्पनेने कुलूप निघालं नव्हतं. कुणीतरी जिवंत माणूस उंबऱ्यावर जाऊन उभा राहिला होता.

कर्माचा सिद्धांत या सगळ्याला एक सोपं उत्तर देतो: ज्याचं त्याचं पूर्वसंचित. चोखोबांच्या नावावरच्या काही अभंगांतही आपल्या जन्माचं कारण मागच्या जन्मात शोधलेलं दिसतं. त्यांचा मुलगा कर्ममेळा तसं मानायला तयार नाही. तो थेट देवालाच जाब विचारतो. बापलेकांमधलं हे अंतर मराठी धर्मविचारातली फार मोठी घटना आहे आणि तिच्याकडे पुरेसं लक्ष गेलेलं नाही. गीतेतल्या निष्काम कर्माचाही असाच उपयोग होऊ शकतो. फळाची आशा सोड, हा उपदेश स्वतःला करणं ही साधना आहे. ज्याचं फळ आपणच काढून घेतलं त्याला तोच उपदेश करणं, याला साधना म्हणता येणार नाही.

संयुक्त निकायात मोळिय सीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो: माणूस जे सुखदुःख भोगतो ते सगळं पूर्वी केलेल्या कर्मामुळेच, असं काही जण म्हणतात, आपलं म्हणणं काय? बुद्ध कारणं वेगवेगळी करून सांगतात. पित्त, कफ, वात, तिघांचं एकत्र बिघडणं, ऋतूंचा बदल, स्वतःची हयगय, दुसऱ्याने केलेला आघात, आणि शेवटी कर्माचं फळ. आठ कारणं, त्यांतलं कर्म हे एक. सगळंच पूर्वकर्माने होतं म्हणणारे अनुभवालाही सोडून बोलतात आणि जगरहाटीलाही, असा त्यांचा निर्वाळा आहे. बाळूंच्या हातातलं मातीचं भांडं या यादीत कुठे बसतं हे सांगायला विद्वान लागत नाही. तो दुसऱ्याने केलेला आघात होता. करणाऱ्यांना नावं होती, पत्ते होते, जिमखान्याचं सभासदत्व होतं. डॉ. आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत नाकारला तो याच कारणासाठी: त्या सिद्धांतात समाजाची जबाबदारी पुसली जाते आणि पीडितच आरोपी ठरतो. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात लाखोंनी दीक्षा घेतली. सौंसर-पांढुर्ण्याकडून दीक्षाभूमीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी हा पोथीतला विषय नाही. आपल्या आजोबांनी का सोसलं, या प्रश्नाचं ते उत्तर आहे.

या कसोटीवर काल्पनिक लीगकडे पाहिलं की तिचं मोल ठरवता येतं. भरपाई म्हणून ती निरुपयोगी आहे. मेलेल्या माणसाला फाशांनी काही मिळत नाही, आणि मिळाल्यासारखं वाटलं तर ते जिवंतांना वाटतं. कारण शोधण्याचं साधन म्हणून मात्र ती कामाची आहे. खेळाडू तोच ठेवा, आकडे तेच ठेवा, फक्त मज्जाव काढा. निकाल बदलला तर दोष मज्जावाचा होता. नशिबाचा नव्हता, पूर्वजन्माचा तर नव्हताच. एवढं उघड झालं की फासे खाली ठेवावेत.

अमेरिकेने याच्या पुढचं एक पाऊल टाकलं आणि ते काल्पनिक लीगपेक्षा अधिक मोलाचं आहे. १६ डिसेंबर २०२० रोजी तिथल्या मोठ्या लीगने १९२० ते १९४८ मधल्या सात निग्रो लीगना बरोबरीचा दर्जा दिला. मे २०२४ मध्ये २,३०० हून अधिक खेळाडूंचे आकडे मुख्य नोंदीत घेतले. निग्रो लीगमधल्या जॉश गिब्सनची ०.३७२ ही कारकिर्दीतली फलंदाजीची सरासरी मोठ्या लीगमधल्या टाय कॉबच्या ०.३६७च्या वर गेली. यात काल्पनिक काही नाही. हे सामने झाले होते, हे फटके मारले होते. फक्त ते मोजायचे नाहीत असं ठरलं होतं. काय झालं असतं हे रंगवण्याआधी काय झालं ते कबूल करायचं, हा क्रम बरोबर आहे.

पण ही कबुलीसुद्धा ज्यांची नोंद सापडली त्यांनाच मिळते. कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्रांनी, 'शिकागो डिफेंडर'ने, 'पिट्सबर्ग कुरिअर'ने धावफलक छापले म्हणून संशोधकांना वर्षानुवर्षं खपून ते आकडे जोडता आले. ज्या सामन्याला वार्ताहर गेला नाही, तो गेला. डिझ्मुक्स वाचला, कारण तो खेळला तसा लिहितही होता. त्याच्यासारखेच गावोगाव फिरलेले कितीतरी पिचर नुसत्या आडनावापुरते उरले आहेत. बाळू वाचले ते त्यांचे बळी नाकारता येण्याजोगे नव्हते म्हणून, आणि भावाने पुस्तक लिहिलं म्हणून. पूना क्लबात त्यांच्याबरोबर रोलर ओढणारे इतर जण कोण होते? त्यांच्यातल्या एखाद्याचा हात बरा होता का? साधारण गुणाच्या माणसावर झालेला अन्याय लहान होत नाही. चहाचं भांडं १७९ बळी घेणाऱ्याला बाहेर मिळालं तसंच एकही बळी न घेणाऱ्यालाही मिळालं असतं. आपण हळहळतो मात्र पहिल्यासाठी. अन्यायाबद्दलची चीड गुणवत्तेच्या प्रमाणात वाटायला लागली की तिच्यात खोट आली, असं मानायला हरकत नाही.

म्हणून पांढुर्णा आणि सौंसर तालुक्यांत टेनिस बॉलच्या स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना एक विनंती. बक्षिसाच्या रकमेचा फलक लागतो, प्रमुख पाहुण्यांची नावं छापली जातात, ते चालू द्या. सोबत प्रत्येक सामन्याचं स्कोअरबुक शाईने लिहा. गोलंदाजाचं पूर्ण नाव आणि गाव टाका, नुसतं टोपणनाव नको. हरलेल्या संघाचंही पान पूर्ण भरा. स्पर्धा संपली की ते बुक गावच्या वाचनालयात ठेवायला द्या. आणि ज्याने पहाटे उठून खेळपट्टीवर पाणी मारलं, रोलर फिरवला, चुन्याच्या रेघा आखल्या, त्याचं नाव पहिल्या पानावर पंचांच्या नावांशेजारी लिहा.